मुडीतली बचत

एका वर्षी माझे दोनशे दहा रुपये आमच्या माळ्यावरून उतरून, बैलगाडीत बसून मसुऱ्याला मामांकडे गेले, आणि मी मागे घरीच राहिले.

पैसे एकटे गेले नव्हते. त्यांच्यासोबत भाताचं बियाणं होतं. ते तिथे कसे पोचले हे सांगायचं तर आधी माझ्या शिक्षणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा दोष त्या शिक्षणाचा आहे.

आई मी लहान असतानाच गेली, म्हणून बाबांनी मला मुंबईला कॉन्व्हेंटच्या मदरांच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथे मी काटा-सुरीने अंडं खायला, हळू आवाजात बोलायला आणि पैशाचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायला शिकले. चांगल्या घरच्या मुली पैशाबद्दल बोलत नाहीत, असं मदर म्हणायच्या. (फी थकली की बाबांना पत्र मात्र त्यांचंच जायचं!) पुढे बी.ए. झाले, बाबा नोकरीतून मोकळे होऊन गावी परतले, त्यांच्या मागोमाग मीही आले आणि गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले.

आणि गाव कसं? तर भेटल्याबरोबर पहिला प्रश्न, "शालू, पगार किती गो?" दुसरा प्रश्न, "आणि हातात किती पडतत?" मी खिडकीबाहेर बघायची. रस्त्यात खिडकी नसायची, मग माडाकडे बघायची.

बाजारात तर हाल विचारू नका. एकदा पारू मासेवालीकडे बांगडे घ्यायला गेले. ती म्हणाली, "रुपयाक धा." मी रुपया काढून पुढे केला. ती घेईना!

"अगो, काय तरी बोल! बारा दी म्हण!"

"नको, दहा ठीक आहेत."

"ठीक कशे? मी काय तुका लुटतंय? लोकां काय म्हणतली?"

शेवटी तिनेच स्वतःशी भांडून, स्वतःला दोन शिव्या घालून बारा बांगडे माझ्या पिशवीत टाकले आणि बजावलं, "फुडच्या वेळेक आतेक धाड. तुझ्याशी धंदो करूचो म्हणजे माका ताप येता."

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमचं घर, शेत, गुरं आणि बाबा हे सगळं तीच सांभाळायची.

बाबांचं आणि माझं या बाबतीत अगदी जुळायचं. वास्तविक बाबा कधी कुठल्या मदरांकडे शिकले नव्हते, पण पैसा म्हटला की त्यांनाही घाम फुटायचा. पगाराच्या दिवशी मी पाकीट घेऊन ओसरीवर जायची आणि जमिनीकडे बघत ते पुढे करायची. बाबा जमिनीकडेच बघत ते घ्यायचे. कुणी पाहिलं असतं तर दोघं मिळून चोरीचा माल हलवत आहेत, असंच वाटलं असतं! मग थोड्या वेळाने माझ्या खोलीतल्या फळीवर पंधरा रुपये ठेवलेले दिसायचे. ते कोणाचे? माझे? की बाबा विसरले? विचारायची सोय नव्हती. पहिल्या महिन्यात मी ते गुपचूप उचलून बाबांच्या कोटाच्या खिशात परत ठेवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा फळीवर. मी पुन्हा कोटात. ते पुन्हा फळीवर! असे ते पंधरा रुपये आठवडाभर घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते आणि आम्ही दोघं जेवताना हवापाण्याबद्दल बोलत होतो. शेवटी मीच दमले आणि ठेवून घेतले. दर महिन्याला तेवढेच येत राहिले. मी खर्च केले नाहीत, कारण ते माझे आहेत की नाहीत हे ठरलंच नव्हतं.

वर्ष उलटून गेलं आणि त्या पैशांना काम मिळालं. हेडमास्तर म्हणाले, कोल्हापूरला जाऊन शिक्षकांची बी.टी. पदवी करून या, म्हणजे नोकरी कायम होईल. मला ते मनापासून हवं होतं. फी जूनच्या मध्यापर्यंत भरायची होती आणि जमलेल्या पैशांत ती बसत होती. आता फक्त बाबांना विचारायचं होतं, की ते पैसे माझेच आहेत ना. एवढंच! म्हणजे अशक्यच.

तोवर पैसे सुरक्षित ठेवायला हवेत, म्हणून मी फार डोकं चालवलं. पेटीला कुलूप लावलं तर आते विचारणार, "कुलूप कित्याक?" कपाटात ठेवावेत तर आते आवरणार. मग नजर गेली माळ्यावर. तिथे मुड्या होत्या. आमच्याकडे भाताचं बियाणं पेंढ्यात घालून, वरून पेंढ्याच्याच दोरीने गच्च आवळून त्याचा मोठा गोल गठ्ठा करतात, ती मुडी. मृगाच्या पेरणीपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. मला वाटलं, याच्याहून चांगली तिजोरी कुठली! मी नोटा मेणकापडात गुंडाळल्या, एका मुडीच्या दोरीखाली पेंढ्यात खोल खुपसल्या आणि समाधानाने खाली उतरले. आमच्या गावात शेतकऱ्यांच्या घरात जन्मून मुडीला बँक समजणारी मी पहिलीच असेन.

मे महिन्यात आठवडाभर चुलत बहिणीच्या लग्नाला बेळगावला गेले. परत आले, सगळ्यांची नजर चुकवून माळ्यावर चढले आणि मुडीत हात घातला. काही लागेना. आणखी खोल घातला. काही नाही. मग कोपरापर्यंत घातला, आणि मुडी फुटली! बियाणं सळसळत माळ्याच्या फळ्यांतून खाली गेलं, ते नेमकं आतेच्या चहात.

"उंदीर!" आते ओरडली. "अरे, माळ्यार उंदीर! केवढो तरी आसा!"

'केवढो तरी' उंदीर श्वास रोखून बसला होता. आते खालून काठीने फळ्या ठोकत होती आणि मी एकेक ठोक चुकवत सरकत होते. संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांचं मांजर मागून आणून माळ्यावर सोडलं गेलं. ते तीन दिवस तिथे झोपून होतं.

रात्री जेवताना मी सहज वाटेल अशा आवाजात विचारलं, "आते, या मुड्या आपल्याच ना?"

"आपल्यो खंय? मसुऱ्याच्यो त्यो. तू बेळगावाक होतंस तेव्हा आपल्यो तकडे धाडल्यो आणि मामाकडच्यो आणल्यो. तीच बी त्याच जमनीत किती वर्सां घालूची? जमीन पण कंटाळता."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. बियाण्याची अदलाबदल दर वर्षी होते, हे घरातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. मलाच नव्हतं!

"मग... मामांकडे पेरणी झाली का?"

आतेने वर पाहिलं. मी जन्मात पहिल्यांदा पेरणीबद्दल विचारत होते. "नाय अजून. ते बी आधी भिजत घालतत. मोड इले की पेरतत. कित्याक गो?"

"काही नाही. मसुऱ्याची आठवण येते."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

पुढचे दोन दिवस मला अन्न गेलं नाही. डोळे मिटले की समोर पाण्याची घागर, तिच्यात भिजणाऱ्या नोटा आणि त्यांना फुटणारे पांढरे मोड दिसायचे. फी भरायची तारीख जवळ येत होती. मी आडून आडून विचारत राहिले. "मसुऱ्याहून कोणी आलं का?" "मसुऱ्याला मी जाऊन येऊ का?" "एकटीच जाऊ का?" प्रत्येक प्रश्नाला आतेचा चेहरा जास्त गंभीर होत गेला.

शेवटी तिने मला विहिरीवर गाठलं. "कोण तो?"

"कोण?"

"मसुऱ्याचो. माका सगळा कळता. अन्न जाणा नाय, झोप नाय, मसुऱ्या मसुऱ्या चल्ला हा. जातीचो आसा मां?"

मी लाजून लाल झाले. खरं सांगावं तर पैशाची गोष्ट सांगावी लागणार, आणि पैशाची गोष्ट म्हटल्यावर चेहरा आणखी लाल झाला. आतेने त्या लाल रंगाचा तिला हवा तो अर्थ घेतला. "बरा, बरा. तू काय सांगू नको. देवाकच इचारूया."

देवाला विचारायचं म्हणजे आमच्याकडे गंमत नसते. रवळनाथाच्या देवळात जाऊन गुरवाकडून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपली अडचण देवाला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायची. मग देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यातून तो पेरणीच्या आधीचा सोमवार! अर्धा गाव आपापली गाऱ्हाणी घेऊन जमला होता. बाबाही होते, खांबाला टेकून जमिनीकडे बघत.

आते गुरवाच्या कानाशी लागली. गुरवाने मान डोलवली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. त्याचा आवाज असा, की खाडीपलीकडच्या माणसांनाही आमच्या घरच्या भानगडी कळाव्यात.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका सुरात.

"ह्यां तुझां लेकरू तुझ्या पायाकडे उभां आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"इंग्लिश शिकला, पण अन्न गोड लागणा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येच्या मनात मसुऱ्याचो जो कोण झील बसललो आसा, तो जर निर्व्यसनी आसात, घरदार राखून आसात, तर उजवी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि टपकन उजवी पाकळी पडली!

देवळात एकदम आनंद पसरला. आतेने पदराने डोळे पुसले. माझ्या मागे दोन बायकांची चर्चा सुरू झाली.

"मसुऱ्याचो म्हणजे तो मास्तर काय गो?"

"शी! तेका दात खंय आसत?"

"मगे तो सायकलवालो आसतलो."

"तेचा लगीन झाला ना!"

"अरे देवा! म्हणानच चेडू जेवणा नाय!"

इतक्यात गुरवाने पुन्हा हात जोडले. "तर म्हाराजा, ह्या म्हयन्याच्या आत ह्या दोघांची गाठ..."

मला पुढचं ऐकवेना. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज गुरवाच्या आवाजाच्या वर गेला. "मुलगा नाही हो! पैसे आहेत! मसुऱ्याला माझे पैसे आहेत! मुडीत!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता सगळे खिडकीबाहेर बघतील. पण हे बोर्डिंग नव्हतं. मागून कोणीतरी अगदी आपुलकीने विचारलं, "किती?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी खांबाकडे बघितलं.

"दोनशे दहा," मी म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव. (सवयीने!)

गुरव गोंधळला. देवाकडे वळायचं की माझ्याकडे, हे त्याला कळेना. "पण पैशे कोणाचे म्हणान सांगू देवाक?"

"माझे. किंवा बाबांचे. मला नक्की माहीत नाही."

आता सगळा गाव बाबांकडे वळला. बिचारे बाबा! त्यांनी खांबाला असं घट्ट धरलं होतं, की खांब त्यांच्या आधाराने उभा आहे असं वाटत होतं. मग ते म्हणाले, "तिचेच. तिचेच आसत. मीच ठेवतंय फळीर. म्हयन्याक पंधरा." आणि थोडं थांबून, "कमी वाटले तर सांगात, म्हणान वाट बघी होतंय."

मला रडू येईल असं वाटत होतं, पण तेवढ्यात आतेने पुढे होऊन माझा दंड धरला. "पैशे होये होते कित्याक ता तरी सांग!"

"कोल्हापूरला जायला. बी.टी.ची फी."

"आणि माका वाटला सायकलवालो!" मागची बाई म्हणाली. तिची निराशा झाली होती.

गुरवाने देवाची क्षमा मागितली, नवं गाऱ्हाणं घातलं, त्यात माझं नाव, रक्कम, मेणकापड, मुडी आणि फी असं सगळं सविस्तर सांगितलं. देवाने पुन्हा उजवी दिली. देव कंटाळला नव्हता. त्याला बहुतेक पैशाच्या गोष्टी ऐकायची सवय असावी.

घरी येताना बाबा आणि मी मागे पडलो. बाबा म्हणाले, "फी माझ्याकडे मागायची होतीस."

"तुमच्याकडे कशी मागणार?"

त्यांनी जरा विचार केला. "हां. ता पण खरा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी, बाबा आणि आते मसुऱ्याला गेलो. वाटभर मी मनाशी वाक्य घोकत होते: मामी, मुडीत माझे पैसे होते, ते मला परत हवे आहेत. मराठीत घोकलं, इंग्रजीत घोकलं. दोन्ही भाषांत ते उद्धटच वाटत होतं. मामांच्या अंगणात पोचलो तर खळ्यावर ओल्या पोत्याखाली मोड आलेलं बियाणं पसरलेलं!

मामी दारात आली. मी डोळे मिटले. "मामी, मुडीत..."

"दोनशे धा मां?" मामी म्हणाली. "काल सांजेकच कळला. सगळ्या मसुऱ्यात तीच बोलणी आसत. आत ये. पैशे बरे आसत, एक थेंब पाणी लागाक नाय."

मी डोळे उघडले. मामी हसत होती, पण मामा पडवीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले होते आणि दोघांच्या मध्ये काहीतरी बिनसलं आहे हे दिसत होतं. झालं होतं असं, की मुड्या आल्यावर बियाणं कसं आहे ते बघायला मामीने एक मुडी सोडली, तर आत मेणकापडाची पुरचुंडी. मुड्या गाडीतून मामांनीच उतरवून रचल्या होत्या, म्हणून तिने ठरवलं, मामांनी तिच्यापासून लपवून पैसे साठवले आहेत! तिने काही न बोलता पुरचुंडी तांदळाच्या डब्यात ठेवली आणि मामांशी बोलणं बंद केलं. काल खरं कळलं, तरी आधी कोणी बोलायचं हे दोघांचं ठरलं नव्हतं.

"मी म्हटलंय, बघूया कधी सांगतत ते," मामी म्हणाली. "आठ दिवस मी ह्येंच्याशी बोलाक नाय!"

"आणि तुम्ही विचारलं नाहीत का मामा, काय झालं म्हणून?"

"कित्याक इचारू?" मामा म्हणाले.

आते डोक्याला हात लावून ओट्यावर बसली. "एक झाला की एक! अरे, तुमच्या तोंडात जिभो आसत काय नाय?" मग तिनेच सगळ्यांना बोलतं केलं. मामी मामांशी बोलली आणि एकदा सुरुवात झाल्यावर आठ दिवसांचं साठलेलं सगळं बोलली. ते संपेपर्यंत आमचं जेवण झालं. आंबोळ्या होत्या, तिसऱ्यांचं सुकं होतं, आणि मी इतकं जेवले की आतेने पुन्हा एकदा माझ्याकडे संशयाने पाहिलं.

निघताना मामांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "शालू, फुडच्या वर्षी पण ठेव हां मुडीत. आठ दिवस घरात काय शांती होती!"

मी कोल्हापूरला गेले. कॉलेजच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिले, पुरचुंडी सोडली आणि घोकलेल्या आवाजात म्हणाले, "फी भरायची आहे. सगळी. रोख."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "सगळी आत्ताच कशाला? तीन हप्त्यांत भरतात. आत्ता सत्तर द्या."

"हप्त्यांत? मला कोणी सांगितलं नाही!"

"तुम्ही विचारलं होतंत का?"

म्हणजे जे पैसे मला घराबाहेर पडायला पुरेसे होते, ते माझ्याकडे मुडीत घालायच्या कितीतरी आधीच जमले होते. मी सत्तर रुपये दिले, पावती घेतली आणि दोनदा वाचली. खरं सांगते, तेव्हा मला फार बरं वाटलं. त्या पावतीवर माझं नाव होतं, रक्कम होती, आणि दोन्ही वाचताना मान वर होती.

बी.टी. झाले, परत आले, नोकरी कायम झाली. आता पगाराच्या दिवशी बाबा आणि मी ओसरीवर समोरासमोर बसून ठरवतो, घरात किती आणि माझे किती. बाबांना अजून थोडा घाम येतो, पण ते टॉवेल जवळ घेऊन बसतात. मी पारूकडे रुपयाला चौदा बांगडे मागते आणि ती मला मनसोक्त शिव्या देते. माझा वाटा मी शहाण्यासारखा पोस्टात ठेवते, माझ्या नावावर, अगदी गुप्त. फक्त आमच्या पोस्टमास्तरांना भरलेली रक्कम मोठ्याने म्हटल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि पोस्टाचा ओटा बाजाराच्या तोंडाशी आहे. त्यामुळे माझी शिल्लक किती हे मला विचारलंत तर नक्की सांगता येणार नाही. पण गावात कोणालाही विचारा, व्याजासकट सांगतील!